विश्लेषण : ना इमोजी, ना निळी टिक... टर्मिनलमधले चॅट साडेतीन दशकांनंतरही का टिकून आहे?

एओएल इन्स्टंट मेसेंजर २०१७ मध्ये बंद झाले. याहू मेसेंजर २०१८ मध्ये, आयसीक्यू २०२४ मध्ये आणि स्काइप २०२५ मध्ये. एकेकाळी कोट्यवधी लोक ज्यांवर तासन्‌तास गप्पा मारत होते, ती ही नावे आता फक्त आठवणीत उरली आहेत. मात्र १९८८ साली फिनलंडमध्ये सुरू झालेली 'इंटरनेट रिले चॅट' अर्थात आयआरसी ही यंत्रणा आजही चालू आहे. त्यासाठी १९९९ मध्ये लिहिलेले 'इर्सी' हे सॉफ्टवेअरही आज वापरात आहे. त्यात फोटो नाहीत, स्टिकर नाहीत, व्हॉइस नोट नाही. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे. तरीही ते का टिकले? आणि रोज व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांनी त्यातून काय समजून घ्यावे?

टर्मिनलमध्ये चॅट कसे चालते?

टर्मिनल म्हणजे संगणकाला माऊसऐवजी थेट लिहून आज्ञा देण्याची खिडकी. लिनक्स आणि मॅकमध्ये ती आधीपासूनच असते. या खिडकीत चालणाऱ्या चॅट सॉफ्टवेअरला 'टेक्स्ट क्लायंट' म्हणतात. इर्सी आणि २००३ पासून विकसित होत असलेले 'वीचॅट' ही त्यातली प्रसिद्ध नावे. (चीनमधील याच नावाच्या ॲपशी या वीचॅटचा संबंध नाही.)

इर्सी उघडल्यावर सर्वांत वर चॅनेलचा, म्हणजे ग्रुपचा, विषय दिसतो. मधल्या भागात संदेश येत राहतात : आधी वेळ, मग टोपणनाव, मग मजकूर. तळाशी एक पट्टी असते आणि तिच्याखाली लिहिण्याची ओळ. दुसऱ्या चॅनेलवर नवीन संदेश आला की त्याचा क्रमांक त्या पट्टीवर उमटतो. कोणी तुमचे नाव घेऊन काही विचारले असेल तर तो क्रमांक वेगळ्या रंगात दिसतो. 'ऑल्ट' कळ दाबून तो आकडा दाबला की तुम्ही थेट तिथे पोहोचता. चॅनेलमध्ये शिरणे, टोपणनाव बदलणे, एखाद्याला खासगी संदेश पाठवणे, त्रास देणाऱ्याकडे दुर्लक्ष करणे या सगळ्यासाठी तिरक्या रेघेने, म्हणजे 'स्लॅश'ने, सुरू होणाऱ्या छोट्या आज्ञा असतात.

हे अपरिचित वाटले तरी त्याच्या खुणा आपल्या ओळखीच्या आहेत. आयआरसीवर चॅनेलचे नाव 'हॅश' चिन्हाने सुरू होते. २००७ मध्ये ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना मांडली गेली तेव्हा तिचा आधार हीच पद्धत होती. कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या स्लॅकमधील चॅनेल आणि स्लॅशच्या आज्ञांचे मूळही आयआरसीतच सापडते.

याची सुरुवात कधी झाली?

युनिक्स संगणकांवर 'टॉक' नावाची सोय १९८३ च्या सुमारास रुळली होती. तिच्यात पडद्याचे दोन भाग होत आणि समोरचा माणूस टाइप करत असलेले प्रत्येक अक्षर उमटताना दिसे. पण ही सोय दोघांपुरती होती. अनेकांना एकाच वेळी बोलता यावे म्हणून फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी तयार केली. १९९१ च्या आखाती युद्धात आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघात सत्ता उलथवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तिथल्या बातम्या आयआरसीवरून जगभर पोहोचत होत्या. १९९३ मध्ये तिचे नियम लेखी स्वरूपात सर्वांसाठी खुले झाले. तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य याच गोष्टीत आहे.

क्लायंट आणि प्रोटोकॉल यात फरक काय?

क्लायंट म्हणजे आपण वापरतो ते ॲप. प्रोटोकॉल म्हणजे संदेश कसा लिहायचा, कोणाला द्यायचा, पोहोच कशी कळवायची याचे ठरलेले नियम. ईमेलमध्ये हा फरक सहज दिसतो. जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर मेल जातो, कारण दोन्हीकडचे नियम एकच आणि खुले आहेत. आयआरसीचेही तसेच आहे. कोणीही नियम वाचून आपले ॲप लिहू शकते, कोणीही स्वतःचा सर्व्हर उभारू शकते. एक ॲप मागे पडले तर दुसरे घ्यायचे, संभाषण चालूच राहते.

व्हॉट्सॲपवर असे नाही. तिथे ॲप, सर्व्हर आणि खाते हे तिन्ही एकाच कंपनीच्या हातात असते. कंपनीने गाशा गुंडाळला की संभाषणाची जागाच नाहीशी होते. याहू मेसेंजर बंद करताना जुने संभाषण उतरवून घेण्यासाठी वापरकर्त्यांना सुमारे सहा महिन्यांची मुदत होती. सायबर कॅफेतल्या काळातली आपली खाती ज्यांना आठवलीच नाहीत, त्यांचे संभाषण तिथेच संपले.

कंपन्यांनी दारे का बंद केली?

हा संघर्ष जुना आहे. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणले आणि त्यातून एओएलच्या वापरकर्त्यांशीही बोलण्याची सोय दिली. एओएलने ती रोखली, मायक्रोसॉफ्टने पळवाट काढली, एओएलने पुन्हा रोखली. काही महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. ज्याच्याकडे लोक जास्त, त्याला दार उघडण्यात काहीच फायदा नसतो, हे गणित तेव्हाच स्पष्ट झाले.

मधल्या काळात चित्र बदलेल असे वाटले होते. २००५ मध्ये आलेले गूगल टॉक 'एक्सएमपीपी' या खुल्या प्रोटोकॉलवर चालत होते. त्यामुळे गूगल खात्यावरचे चॅट 'फिंच'सारख्या टर्मिनलमधल्या क्लायंटमध्येही उघडता येई. फेसबुकनेही २०१० मध्ये आपल्या चॅटसाठी अशी वाट दिली. पण २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणून पाऊल मागे घेतले, २०१५ मध्ये फेसबुकने ती वाट बंद केली आणि २०२२ मध्ये गूगल टॉकचे उरलेसुरले दारही मिटले. व्हॉट्सॲपची उभारणीही सुरुवातीला 'इजॅबरडी' या एक्सएमपीपीच्या मुक्त सर्व्हर सॉफ्टवेअरवर झाली होती. मात्र पुढे त्यात मोठे बदल झाले आणि बाहेरच्या क्लायंटना तिथे जागा मिळाली नाही.

२०२१ मध्ये फ्रीनोडवर काय घडले?

खुल्या प्रोटोकॉलचा खरा उपयोग संकटात दिसतो. 'फ्रीनोड' हे मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांचे सर्वांत मोठे आयआरसी जाळे होते. त्याच्या मालकीवरून वाद झाला आणि मे २०२१ मध्ये ते सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन 'लिबेरा चॅट' हे नवे जाळे उभे केले. जुन्या जाळ्यावर ज्या चॅनेलच्या विषयात लिबेराचा उल्लेख होता, अशी शेकडो चॅनेल व्यवस्थापनाने ताब्यात घेतली. या घडामोडींत उबुंटू, विकिमीडियासह अनेक प्रकल्पांनी आपले बस्तान हलवले.

वापरकर्त्याला काय करावे लागले? नवे ॲप नाही, नवी सवय नाही. त्याच इर्सीमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलायचा आणि टोपणनाव पुन्हा नोंदवायचे, एवढेच. व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपला दुसऱ्या ॲपवर न्यायचे ठरवले तर किती जण प्रत्यक्षात येतील, याचा विचार केला की हा फरक लक्षात येतो.

लॅपटॉप बंद केला तर संदेश चुकतात का?

हो. मूळ आयआरसीमध्ये तुम्ही जोडलेले नसताना आलेला संदेश नंतर मिळत नाही. त्यावर अनुभवी मंडळींनी तोडगा काढला आहे. ते आपला क्लायंट घरच्या संगणकावर न चालवता सतत चालू असलेल्या दूरच्या सर्व्हरवर चालवतात. 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' या साधनांमुळे टर्मिनलची खिडकी मिटली तरी आतले काम सुरू राहते. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून, घरातून किंवा फोनवरून त्या सर्व्हरमध्ये शिरले की संभाषण जिथे सोडले तिथेच उघडते. सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्यांमध्ये ही पद्धत रुजली, कारण त्यांचे बाकीचे कामही त्याच काळ्या खिडकीत चालते.

भारतात याचा उपयोग कोणी केला?

पश्चिम बंगालमधील दुर्गापूर येथे सुरू झालेल्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने २००८ पासून आयआरसीवर उन्हाळी प्रशिक्षण घेतले. वर्ग पूर्णपणे लिखित. प्रश्न विचारायचा असेल तर उद्गारचिन्ह टाइप करून 'हात वर' करायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. व्हिडिओ नसल्यामुळे इंटरनेट संथ असलेल्या गावातला विद्यार्थीही मागे पडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काम करायचे तर थोडक्यात आणि नेमके लिहिता यावे लागते, ही सवयही त्यातून लागते.

मराठीत लिहिता येते का?

येते, पण दोन अडचणी आहेत. आयआरसीचा एक संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटचा असतो आणि त्यातच चॅनेलचे नाव वगैरे तपशील बसवावे लागतात. 'नमस्कार' हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर ८ बाइट लागतात. देवनागरीत त्यालाच २१ बाइट लागतात, कारण युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे इंग्रजीच्या तुलनेत मराठी संदेशाला जेमतेम एक तृतीयांश जागा मिळते. आजचे क्लायंट लांब संदेशाचे तुकडे करून पाठवतात, त्यामुळे काम अडत नाही.

दुसरी अडचण दिसण्याची आहे. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींचा तक्ता, साधारणपणे एका चौकटीत एक अक्षर. रोमन लिपीला हे सोयीचे पडते. देवनागरीत मात्र जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात आणि ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना अक्षरानंतर येत असली तरी उमटते आधी. काही टर्मिनल हे नीट सांभाळतात, अनेकांत वेलांट्या सरकतात आणि ओळ वाकडीतिकडी दिसते.

हे सुरक्षित आहे का?

टर्मिनल म्हणजे गुप्त, हा समज चुकीचा आहे. आयआरसीवर क्लायंट ते सर्व्हर हा प्रवास सांकेतिक करता येतो, पण सर्व्हर चालवणाऱ्याला मजकूर वाचता येतो. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलसारखे 'एंड टू एंड एन्क्रिप्शन' तिथे मुळात नाही. त्यामुळे बँकेचे तपशील, ओटीपी किंवा खासगी गोष्टी तिथे लिहू नयेत. ज्यांना खुला प्रोटोकॉल आणि गोपनीयता दोन्ही हवे आहेत, ते एक्सएमपीपीवर चालणारे 'प्रोफॅनिटी' हे टर्मिनलमधले ॲप वापरतात. त्यात 'ओमेमो' या पद्धतीने संदेश दोन्ही टोकांना सांकेतिक करता येतात.

जमेची बाजूही आहे. आयआरसीला मोबाइल क्रमांक लागत नाही. क्लायंटमध्ये नोंद ठेवण्याची सोय सुरू केली की संभाषण तुमच्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठते आणि दहा वर्षांनीही कोणत्याही ॲपशिवाय उघडते. मात्र ती फाइल तुमच्या संगणकावर शिरणाऱ्या कोणालाही वाचता येते, हेही ध्यानात ठेवावे.

मोबाइलवर वापरून पाहता येईल का?

अँड्रॉइडवर 'टर्मक्स' हे टर्मिनल ॲप आहे. त्यात इर्सी किंवा वीचॅट बसवता येते आणि लिबेरा चॅटवरील सार्वजनिक चॅनेलमध्ये टोपणनावाने शिरता येते. व्हॉट्सॲप टर्मिनलमध्ये चालवून देणारी काही सॉफ्टवेअरही मिळतात, पण ती अधिकृत नाहीत. अनधिकृत ॲप वापरल्यास खाते बंद होऊ शकते, असे व्हॉट्सॲपच्या नियमांत आहे. बँक आणि कामाचे संदेश ज्या क्रमांकावर येतात त्यावर असा प्रयोग करणे शहाणपणाचे नाही.

मग सामान्य वापरकर्त्याने काय लक्षात घ्यावे?

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टनुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲप आणि मेसेंजरला मागणी करणाऱ्या इतर सेवांसाठी दार उघडणे बंधनकारक झाले. म्हणजे आयआरसीने सुरुवातीपासून दिलेली मोकळीक तिथे आता कायद्याने मागावी लागत आहे. ही सक्ती युरोपीय संघापुरतीच आहे.

सर्वांनी काळ्या पडद्याकडे वळावे असे नाही, आणि घरच्या ग्रुपवर नातवंडांचे फोटो आयआरसीने पाठवता येणार नाहीत. पण ज्या ॲपवर घरचे, सोसायटीचे, व्यवसायाचे बोलणे साठते आहे, ते कोणाच्या हातात आहे एवढे माहीत असावे. महत्त्वाचे संभाषण 'एक्स्पोर्ट चॅट'ने अधूनमधून उतरवून घ्यावे. कामाच्या माणसांचे फोन क्रमांक आणि ईमेल ॲपबाहेरही नोंदवून ठेवावेत. ॲप बंद होण्याची घोषणा झाल्यावर हे करायला वेळ मिळेलच, याची खात्री कोणी देत नाही.