थकलेल्या बिलावरचे व्याज
सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल वा सेवा घेतल्यावर पैसे कधी द्यायचे, हे भारतात निव्वळ गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकते करावे लागते. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज चढू लागते, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर ६ टक्के धरला, तर वर्षाचा बोजा १८ टक्क्यांच्याही वर जातो. ‘व्याज मिळणार नाही’ असे करारात लिहून घेतले तरी उपयोग नाही. हे व्याज प्राप्तिकरात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. मध्यम उद्योगांना मात्र, कायद्याच्या नावात ते असूनही, हे संरक्षण नाही.

दावा राज्याच्या सुविधा परिषदेकडे करायचा. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. एवढे असूनही मोठे गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने अनेक छोटे कारखानदार परिषदेची पायरी चढत नाहीत.