लॅपटॉप तुमचा, घरमालक तिसराच!

सोमवार. सकाळचे नऊ पंचवीस. साडेनऊला क्लायंटचा कॉल. रात्री एकपर्यंत जागून केलेलं प्रेझेंटेशन एकदम तयार. तुम्ही ऐटीत लॅपटॉप उघडता आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारे ठिपके! अपडेट चालू आहे म्हणे, कॉम्प्युटर बंद करू नका. १२ टक्के... १२ टक्के... अजूनही १२ टक्केच! आता बॉसला काय सांगणार? 'सर, माझा लॅपटॉप आंघोळीला गेलाय'?

कँटीनमध्ये हा विषय काढून बघा. टेबलावरच्या प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा निघतो. कुणाचा प्रिंटर अपडेटनंतर रुसून बसलेला असतो, कुणाचा धडधाकट फोन एका रात्रीत म्हातारा झालेला असतो. आपण हसतो, कंपनीला दोन शिव्या हासडतो आणि कामाला लागतो. पण या डोकेदुखीच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. पन्नास-साठ हजार मोजून आणलेलं हे मशीन नक्की कुणाचं?

लीव्ह अँड लायसन्स

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना उत्तर पटकन कळेल. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आठवा. फ्लॅट आपला नसतो, फक्त राहायचं 'लायसन्स' असतं. सॉफ्टवेअरचंही तेच. लांबलचक मजकूर न वाचता आपण ज्या 'आय ॲग्री'वर क्लिक करतो, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिली आहे. म्हणजे लॅपटॉपचा पत्रा, कीबोर्ड आणि स्क्रीन आपली. आत जे चालतं त्याचा मालक वेगळा.

फरक एवढाच, की खरा घरमालक यायच्या आधी निदान फोन करतो. हा मालक किल्ली स्वतःकडेच ठेवतो आणि वाटेल तेव्हा आत शिरून फर्निचर हलवतो!

अतिशयोक्ती वाटते? मग २०१६ आठवा. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांच्या स्क्रीनवर 'विंडोज १० घ्या' अशी खिडकी सारखी उघडायची. लोक कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून ती बंद करायचे. जगभर फुलीचा अर्थ 'नको' असाच होतो. पण त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच फुलीचा अर्थ 'ठरलेल्या वेळी अपग्रेड चालेल' असा धरला गेला! बोंबाबोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टने नकाराचं स्पष्ट बटण दिलं. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने काहीजणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइल्सच उडवल्या आणि कंपनीला ते अपडेट तात्पुरतं थांबवावं लागलं.

जागा खाली करा!

सगळ्यात मोठा धक्का मात्र १४ ऑक्टोबर २०२५ चा. त्या दिवशी विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. आता विंडोज ११ वर जा, असा सल्ला मिळाला. पण २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तो साधारण आठव्या जनरेशनचा किंवा नंतरचा लागतो. म्हणजे २०१७ मध्ये घेतलेला, सातव्या जनरेशनचा, एक्सेल-वर्ड-ब्राउझर मस्त चालवणारा लॅपटॉप 'नापास'! त्याचं काहीही बिघडलेलं नसताना.

कंपनीचं म्हणणं, हे सगळं सुरक्षेसाठी. आणि त्यात तथ्य आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर ओलीस धरले. ब्रिटनमधली हॉस्पिटल्ससुद्धा सुटली नाहीत. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी अपडेट टाळलं, ते लटकले. तेव्हा अपडेट म्हणजे शत्रू नव्हे. वैताग येतो तो औषधाच्या पुडीत जाहिरात, नवं बटण आणि ब्राउझरचा आग्रह बांधून दिला जातो त्याचा. सुरक्षा हवी असेल तर बाकीचंही गिळा!

भाडं चालूच

दुसरीकडे 'एकदा विकत घ्या, वर्षानुवर्षं वापरा' हा प्रकारच मागे पडत चाललाय. ॲडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूटच्या नव्या आवृत्त्या येणार नाहीत, यापुढे सबस्क्रिप्शन. लॅमिंग्टन रोडवरच्या सीडींच्या जमान्यात वाढलेल्या डिझायनर मंडळींना हे पचायला वेळ लागला. दर महिन्याला पैसे कापले जातात. हप्ता थांबला की फोटोशॉप बंद, आणि तुमच्याच डिझाइनची फाइल उघडायला तुम्हीच मोताद. बाहेर पडणंही सोपं नाही. मुदतीआधी सबस्क्रिप्शन मोडल्यास लागणारा दंड कंपनी ग्राहकांपासून लपवते, असा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये ॲडोबीला कोर्टात खेचलं. कंपनीने आरोप नाकारले.

आणि 'मी बाबा ॲपलवाला' म्हणून कॉलर ताठ करणाऱ्यांनी डिसेंबर २०१७ विसरू नये. बॅटरी जुन्या झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो, हे ॲपलने तेव्हा मान्य केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं. कारण खरं असेलही. पण सांगितलं का नाही? कित्येकांनी 'फोन स्लो झाला' म्हणून नवा घेतला. नुसती बॅटरी बदलून भागलं असतं!

ओरडा, ऐकतात!

मग काय करायचं, गप्प बसायचं? अजिबात नाही. थोडा इतिहास बघा. २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण गायब केलं. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ते परत आलं. ॲपलने माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' जाहीर केलं. तुमच्या स्क्रीनचे थोड्या-थोड्या सेकंदांनी फोटो काढून ठेवणारं फीचर! जगभरातून टीका झाली आणि आधी वापरणाऱ्याने स्वतः सुरू केलं तरच चालेल असं झालं, मग ते लांबलं. विंडोज १० च्या एक वर्षाच्या वाढीव सुरक्षेसाठी ३० डॉलर द्या किंवा सेटिंग्जचा बॅकअप आमच्या क्लाउडवर ठेवा, अशी ऑफर होती. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी धरून लावलं आणि तिथल्या लोकांना २०२५ मध्ये या अटींविना मोफत मुदत मिळाली. आपल्याला नाही मिळाली. कारण आपण किस्से सांगतो, तक्रार करत नाही.

मागणी काही आकाशातून चंद्र आणून द्या अशी नाही. भाडेकरू मागतो तेवढंच. येण्याआधी कळवा, 'नको' म्हटलं की नको समजा आणि जागा खाली करायला लावण्याआधी विचार करा, की आम्ही अजून तिथे राहतोय.

तोपर्यंत एवढं करा

• सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' तुमच्या ऑफिसच्या वेळेप्रमाणे टाका. महत्त्वाचं प्रेझेंटेशन असेल त्या आठवड्यात अपडेट 'पॉज' करा. नंतर मात्र आठवणीने घ्या.
• बॅकअप क्लाउडवर असला तरी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच.
• सबस्क्रिप्शन घेताना 'मासिक' आणि 'वार्षिक, पण मासिक हप्ता' यांतला फरक नीट वाचा.
• 'नापास' लॅपटॉप भंगारात देण्याआधी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. केरळमधल्या सरकारी शाळांचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. फोटोशॉप किंवा टॅली त्यावर सरळ चालणार नाही, पण ब्राउझर, ईमेल आणि लिबर ऑफिससाठी जुनं मशीन अजून खणखणीत आहे!