हिंग, सुकट आणि आपलं नाक

मधल्या सुट्टीत डबे उघडले, की वर्गात एक अशी परीक्षा सुरू होते जी कोणत्याही वेळापत्रकात नसते. कुणाच्या डब्यात सुकटीची चटणी किंवा सुक्या बोंबलाचं कालवण निघालं, की शेजारची मुलं नाक दाबतात, ‘शी! कसला वास!’ म्हणतात आणि लांब सरकून बसतात. ज्याचा डबा असतो ते मूल झाकण अर्धवट मिटून घाईघाईनं जेवतं. चार दिवसांनी ते घरी सांगतं, ‘उद्यापासून मला फक्त पोळी-भाजी दे.’

अशा वेळी ‘असं बोलू नये’ एवढं सांगून आपण पुढच्या तासाकडे वळतो. पण मुलांच्या मनातला प्रश्न तसाच राहतो. वास तर खरंच येत होता, मग घाण वास म्हटलं तर चुकलं काय? प्रश्न अगदी रास्त आहे. तो शिस्तीचा म्हणून न मिटवता विज्ञानाचा म्हणून हाताळला, तर बरंच काही हाती लागतं.

चव आणि स्वाद

सुरुवात एका सोप्या प्रयोगानं करू. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेपेचे चार दाणे चावा. जिभेला किंचित गोडसर काही तरी लागेल, पण ही बडीशेप आहे हे सांगणं अवघड जाईल. आता नाक सोडा. बडीशेप लगेच ‘कळते’.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस, टोमॅटो यांसारख्या पदार्थांतली ‘उमामी’ अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण स्वाद म्हणतो तो बहुतांशी वास असतो. चावताना पदार्थातले उडून जाणारे रेणू घशाच्या मागच्या वाटेनं नाकात पोचतात. नाकाच्या वरच्या भागात हे रेणू ओळखणारे ग्राही असतात. त्यांच्या जनुकांचा मोठा समूह लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 साली शोधून काढला. त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल पारितोषिक मिळालं. माणसात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राही काम करतात. एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक प्रमाणात चेतवतो आणि त्या सगळ्यांचा मिळून जो आकृतिबंध तयार होतो, तो मेंदू ‘वाचतो’.

ग्राही फक्त ‘अमुक रेणू आला’ एवढी वर्दी देतात. तो चांगला की वाईट, हे ठरवण्यात पुढं मेंदूचा आणि त्यातल्या आठवणींचा मोठा वाटा असतो.

वास नेमका कशाचा?

सुकटीपासूनच सुरू करू. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखण्यासाठी अनेक मासे आणि कोळंबीसारखे प्राणी ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं संयुग शरीरात बाळगतात. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. प्राणी मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइल अमाइनमध्ये करतात, आणि माशाचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच. गोड्या पाण्यातल्या माशांत हे संयुग सहसा फार थोडं असतं, म्हणून त्यांचा वास वेगळा.

हे अमाइन आम्लारिधर्मी आहे. त्यात आम्ल मिसळलं की क्षार तयार होतो. क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास कमी होतो. कोकणातल्या कालवणात कोकम किंवा चिंच असते आणि तळलेल्या माशाबरोबर लिंबाची फोड येते, तिथं आपल्या पाठ्यपुस्तकातलं उदासिनीकरणच घडत असतं.

आता हिंग पाहा. फेरुला जातीच्या झाडाच्या मुळाला चीर दिली की चीक पाझरतो. तो वाळला की हिंग तयार होतो. इराण, अफगाणिस्तान या कोरड्या प्रदेशांतून तो शतकानुशतकं आपल्याकडे येत आहे. भारतात लागवडीचा प्रयत्न म्हणून पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेनं ऑक्टोबर 2020 मध्ये लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपं लावली. हिंगाचा उग्र वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो. जर्मन भाषेत हिंगाचं एक नाव आहे ‘टॉयफेल्सड्रेक’, म्हणजे सैतानाची विष्ठा! ज्या घरात सुकटीच्या वासानं नाक मुरडलं जातं, तिथंच वरणाच्या फोडणीत चिमूटभर हिंग पडला की ‘वा, काय वास सुटलाय’ असं म्हणतात. गरम तेलात हिंगाचा उग्रपणा उतरतो, हे खरं. पण हिंगाशी कधी संबंध न आलेला माणूस आपल्या हिंगाच्या डबीचं झाकण उघडेल, तेव्हा त्याच्या तोंडूनही ‘शी!’च निघण्याची शक्यता आहे.

तिसरं उदाहरण युरोपातलं. लिम्बर्गर नावाचं चीज पिकवणारे जिवाणू माणसाच्या पायांच्या बोटांमधल्या जिवाणूंचे जवळचे नातलग आहेत. म्हणूनच त्याचा वास घामेजलेल्या पायमोज्यांसारखा येतो. हे साम्य केवळ आपल्याला वाटतं असं नाही. हिवताप पसरवणारे अ‍ॅनोफिलिस गँबिए जातीचे डास या चीजकडे आकर्षित होतात, असं बार्ट नॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1996 साली दाखवलं. खवय्ये मात्र हे चीज पावावर लावून चवीनं खातात.

एकच वास, दोन नावं

मग वास आवडणं-नावडणं ठरतं कशावर? रॅचेल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथं उपयोगी पडतो. त्यांनी आयसोव्हॅलेरिक आणि ब्युटिरिक आम्लांचं मिश्रण लोकांना हुंगायला दिलं. एका वेळी सांगितलं, हे पार्मेझान चीज आहे. दुसऱ्या वेळी सांगितलं, ही ओकारी आहे. मिश्रण तेच होतं, पण चीज म्हटल्यावर लोकांना ते बरं वाटलं आणि ओकारी म्हटल्यावर किळसवाणं. नाकात शिरलेले रेणू बदलले नव्हते, बदललं होतं ते फक्त नाव.

आवड लागते कधी?

आवडीचे धडे जन्माआधीच सुरू होतात. ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही गरोदर स्त्रियांनी शेवटच्या तीन महिन्यांत नेमानं गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या स्वादाची पेज दिली, तेव्हा इतर बाळांच्या तुलनेत त्यांनी तोंडं कमी वाकडी केली. आईच्या आहारातले स्वाद गर्भजलात आणि नंतर दुधात उतरतात. कोळीवाड्यात, वलांडीवर बोंबील सुकत असताना वाढणाऱ्या मुलाला तो वास ‘घरचा’ वाटतो, यात नवल नाही.

नावडही अशीच शिकली जाते. 1955 साली जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी देताना किरणोत्सर्ग दिला. त्यानं उंदीर आजारी पडले आणि पुढे त्यांनी ते आवडीचं पाणी टाळलं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर उलटी झाली, की आपल्यालाही तो वर्षानुवर्षं नकोसा होतो. किळस ही शरीराची राखणदार आहे. सडलेलं अन्न पोटात जाऊ नये म्हणून ती पहारा देते. पण ही राखणदार अनोळखी वासालाही हटकते. सडलेलं आणि मुद्दाम आंबवलेलं किंवा वाळवलेलं यांतला फरक तिला शिकवावा लागतो. दही आणि इडलीचं पीठ आपण शिकलो. वाळवलेल्या मासळीत पाणीच कमी असतं, त्यामुळे सडवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे ती न खाणाऱ्यांना माहीत नसतं.

काही फरक मात्र जन्मजात असतात. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला मात्र तिची काहीच चव आली नाही. या फरकामागचं मुख्य जनुक 2003 मध्ये सापडलं. कोथिंबीर काही जणांना साबणासारखी लागते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांजवळच्या एका फरकाशी आढळला, अर्थात त्याचा परिणाम थोडाच आहे. तेव्हा ‘मला कडू लागतं’ म्हणणारं मूल नाटकच करत असेल असं नाही. कुणाला काही आवडलंच पाहिजे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

घाण कुणी ठरवायची?

नागालँडमध्ये सोयाबीन आंबवून ‘अखुनी’ करतात. जपानी लोक सोयाबीन आंबवून ‘नातो’ करतात. दोन्हींत काम करणारा मुख्य जिवाणू एकच, बॅसिलस सबटिलिस. नातोचं आरोग्यदायी म्हणून कौतुक होतं. अखुनीची गोष्ट वेगळी झाली. 2007 साली दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी सूचनांची एक पुस्तिका काढली होती. अखुनी आणि बांबूच्या कोंबांसारखे ‘वासाचे’ पदार्थ शेजाऱ्यांशी गोंधळ न होता शिजवावेत, अशी सूचना तिच्यात होती. फोडणीच्या धुराबद्दल किंवा हिंगाबद्दल अशी सूचना कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

महाराष्ट्रातही हे आहेच. मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या आहाराविषयी शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 साली लिहिलं. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या ‘चान्या’ असे त्यातले पदार्थ आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत सहसा दिसत नाहीत. कोणतं जेवण ‘घरगुती’ आणि कोणतं ‘वासाचं’, हे पुष्कळदा नाक ठरवत नाही, जात, पैसा आणि संख्याबळ ठरवतं. वर्गातलं मूल हे शब्दांत मांडू शकत नाही, पण डब्याचं झाकण मिटताना त्याला ते समजलेलं असतं.

वर्गात काय करता येईल?

एक : औषधाच्या सहा रिकाम्या डब्या स्वच्छ धुऊन घ्या. त्यांत हिंग, लसूण, मेथी, बडीशेप, चिंच, कापूर ठेवा. झाकणाला भोकं पाडा आणि वर फक्त क्रमांक लिहा. मुलांनी हुंगून वर्णन लिहायचं, पण ‘छान’ आणि ‘घाण’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. उग्र, ओलसर, आंबूस, झोंबणारा असे शब्द शोधावे लागतात, तेव्हा निरीक्षण सुरू होतं. चव घ्यायची नाही, हे आधी बजावा.

दोन : जुनं आंबट ताक दोन डब्यांत भरा. एकीवर ‘ताक’ लिहा, दुसरीवर ‘नासलेलं दूध’. अर्ध्या वर्गाला एक, उरलेल्यांना दुसरी द्या आणि वासाला दहापैकी गुण द्यायला सांगा. दोन्ही गटांची सरासरी फळ्यावर काढा आणि मगच गुपित सांगा.

तीन : थोडी सुकट कोमट पाण्यात भिजवून तीन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा घाला, तिसरी तशीच ठेवा. कोणत्या वाटीचा वास वाढला, कोणत्या वाटीचा कमी झाला, का? सुकट शिक्षकांनीच आणावी. ज्याच्या घरी ती शिजते त्या मुलाला आणायला सांगू नका. ज्यांना हुंगायचं नसेल त्यांनी फक्त नोंदी कराव्यात.

यानंतर दोन वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा : ‘मला हा वास नवा आहे’ आणि ‘हा वास घाण आहे’. पहिलं वाक्य कुणाविषयी काय सांगतं, दुसरं कुणाविषयी, यावर मुलांना बोलू द्या. मग घरचा अभ्यास द्या : आपल्या घरातल्या कोणत्या पदार्थाच्या वासानं पाहुणे बिचकतात, तो वास कशामुळे येतो, आणि तो पदार्थ घरी कुणाला सगळ्यात जास्त आवडतो? तुमचा स्वतःचा पदार्थ यादीत पहिला लिहा.