मेनूवरचा कॅलरीचा आकडा येतो कुठून?

मोठ्या साखळी रेस्टॉरंटमध्ये बर्गरच्या किमतीशेजारी किलोकॅलरीचा आकडा असतो. बऱ्हाणपूरच्या मावा जिलेबीच्या दुकानात मात्र तो सहसा दिसत नाही. असं का?

भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना हा आकडा मेनूवर द्यावा लागतो. एकट्या हलवायाला ही सक्ती नाही.

आकडा काढायची रीत सोपी आहे. एका प्लेटमध्ये काय किती ग्रॅम आहे, ते आधी मोजतात. पिष्ट, साखर आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर तूप-तेलाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९. पाण्यातून शून्य. मग साऱ्याची बेरीज करायची. वाण्याच्या बिलासारखी, वजन गुणिले भाव.

आता जिलेबी पाहू. दूध आटवलं की पाणी उडून जातं, स्निग्धांश आणि साखर मागे उरते. म्हणून माव्यात थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा असते. तळताना जिलेबी तूप शोषते, नंतर पाक पिते. ऊर्जा तिन्ही बाजूंनी वाढते.

प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात असं धरतात. वय आणि कष्टांनुसार ही गरज बदलते. मेनूवरचा आकडा या गरजेशी ताडून पाहावा, आणि तो किती ग्रॅमच्या प्लेटसाठी आहे हेही विचारावं. ते विचारणं हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे.