उजळणीचे वेळापत्रक

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेत उतरतो आणि महिन्याभरात पुसला जातो, हा अनुभव बहुतेकांना आहे. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले. नोकरी, शेती, घरकाम सांभाळून शिकणाऱ्या तिथल्या अनेकांच्या हाती दिवसाकाठी जेमतेम तासभर लागतो. तो तासही विसरण्यात वाया गेला, तर पदवी लांबते, कधी सुटतेच.

विसरण्याचे मोजमाप हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो स्वतः पाठ करी आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, ते मोजी. 20 मिनिटांनी सुमारे 58 टक्के श्रम वाचत, एका दिवसाने 34, तर 31 दिवसांनी 21 टक्के. म्हणजे गळती सुरुवातीलाच मोठी, पुढे मंद. उजळण्या एका बैठकीत उरकण्याऐवजी काही दिवसांत वाटून घेतल्या, तर त्या कमी लागतात, हेही त्याला आढळले.

आपल्याकडे हे वेगळ्या वाटेने ठाऊक होते. दिवेलागणीला मुले परवचा म्हणत. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकीही त्यात येत. वेदपाठशाळांत नवी संथा मिळाली तरी जुन्या भागाची आवृत्ती सुटत नाही. घनपाठात तर शब्द 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 अशा क्रमाने उलटसुलट म्हणतात. एक शब्द निसटला तरी चूक लगेच कानाला कळते.

मात्र नुसते पुन्हा वाचणे म्हणजे उजळणी नव्हे. ओळखीचे पान पाहिले की ‘हे येतंय’ असे वाटते. पुस्तक मिटून विचारले की गाडी अडते. ते अडखळत आठवणेच स्मरण पक्के करते. आठवायला थोडे जड जाईल, पण अगदी अशक्य होणार नाही, तेवढे अंतर मध्ये हवे.

यासाठी सेबास्टियन लाइटनर या लेखकाने 1972 मध्ये एक साधी पेटी सुचवली. कागदाच्या पट्टीवर एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. पेटीला पाच कप्पे. उत्तर बरोबर आले की पट्टी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, पुढचे पंधरवड्याने आणि महिन्याने, असे अंतर आपल्याला ठेवता येईल. म्हणजे वेळ कच्च्या भागावर खर्च होतो. आता मोबाइलवरची अॅप्सही हेच करतात. पण पोस्टकार्डाएवढे कागद आणि बुटांचे खोके पुरते.

तासभरच असेल, तर पहिली वीस मिनिटे जुन्या पट्ट्यांना द्या, उरलेली नव्या धड्याला. धडा आधी समजून घ्या. न समजलेल्याची पट्टी करून उपयोग नाही. परीक्षा दूर असेल तर अंतरे मोठी ठेवा, जवळ आली की कमी करा. एखादा दिवस चुकला तरी पेटी बंद करू नका. दुसऱ्या दिवशी पहिल्या कप्प्यापासून सुरुवात करावी.