कातडी बॅगेची पावसाळी निगा

तीर्थरूपांची कातडी बॅग श्रावणांत बुरसली, तेव्हां आम्हीं ती कडक उन्हांत टाकली; संध्याकाळीं तिचें झांकण तडकलेलें दिसलें. दोष पावसाचा नव्हे, आमच्या घाईचा. उष्णतेनें कातड्यांतील ओलावा व स्निग्धांश उणावून तें ठिसूळ होतें.

म्हणून बुरशी घराबाहेर कोरड्या फडक्यानें पुसावी. मग किंचित् ओलसर फडकें फिरवून बॅग सावलींत, वाऱ्यावर वाळवावी. पुढें कातड्यासाठीं मिळणारें क्रीम आधीं आंतल्या कोपऱ्यावर अजमावून अगदीं पातळ चोळावें. स्वयंपाकाचें तेल नको, तें खवटतें. आंत कोरे कागद भरून बॅग सुती पिशवींत ठेवावी. प्लॅस्टिकमध्यें दमटपणा कोंडतो.

तडकलेलें कातडें पुन्हां सांधत नाहीं. तथापि उरलेली बॅग आम्हीं राखली आहे. ती नातवाच्या हातीं देण्याजोगी आहे.