फेसबुकच्या पानावरची पाटी नीट लावा

रोपवाटिका चांगली चालते, पण फेसबुकच्या पानावर वर्ग निवडलाय 'वैयक्तिक ब्लॉग'. मग मोसंबीची कलमं शोधणाऱ्या शेतकऱ्याला कसं कळावं, की इथं रोपं विकत मिळतात?

वर्ग म्हणजे दुकानावरची पाटी. फेसबुकवर एका पानाला ३ वर्ग देता येतात. म्हणून तिन्ही भरलेच पाहिजेत, असं नाही. ज्या कामावर घर चालतं, तो वर्ग आधी घ्यावा. नुसतं 'शेती' असं मोघम लिहिण्यापेक्षा रोपवाटिकेचा वर्ग बरा. शेतावर पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय खरोखर असेल, तरच दुसरा जोडावा. चुकला तर वर्ग बदलता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. गुगलच्या नकाशावर मात्र मुख्य वर्ग एकच असतो, तो विचार करून ठरवावा.

ग्रामपंचायतीनं आपलं पान सरकारी संस्थेच्या वर्गातच ठेवावं, म्हणजे गावकऱ्यांना अधिकृत सूचना ओळखता येतील.

आणखी एक. महाराष्ट्रात फळझाडांची कलमं विकायला १९६९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. पानावर वर्ग निवडला म्हणजे परवाना मिळाला, असं नव्हे. असेल तर त्याचा क्रमांक पानावर जरूर द्यावा. गिऱ्हाइकाचा भरवसा त्यानंच बसतो.